खंडूचा ठेका

खंडूचा ठेका कधीच चुकत नसे. मग नाना का अडखळत होते?

खंडू म्हणजे नानांना चालवणारा यंत्रमानव. आजारपणामुळे नानांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. खंडूने छातीतून टक्‌ टक्‌ वाजवले की ते सुटत. आज मात्र लांब जायचे होते, सायक्लोट्रॉनच्या (विद्युतभारित कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्राच्या) खोलीपर्यंत. ते जुने यंत्र आज कायमचे बंद व्हायचे होते. तिथली रीत अशी, की ज्यांनी यंत्र सुरू केले त्यांनीच ते बंद करायचे, तेही स्वतःच्या पायांनी आत येऊन. ही रीत नानांनीच घातलेली. तेव्हा पाय चांगले होते, आणि शेजारी आजी होती. आजी गेल्या वर्षी गेली.

"नाना, चाकाची खुर्ची आणू?" नात शर्वीने विचारले.

"खुर्चीत बसून निरोप देतात का गं कुणी?"

अर्ध्या वाटेवर नाना थांबलेच. "नाना, तुम्हाला उशीर होतोय," खंडू म्हणाला. यंत्रमानव सभ्य असतात. समजूतदार असतातच असे नाही.

नाना बाकावर टेकले. शर्वीचे डोळे भरून आले, तसे ते विज्ञान सांगू लागले. रडणाऱ्या माणसावर त्यांचा हा जुना उपाय. आजीवर तो फारसा लागू पडला नव्हता.

"आत दोन पोकळ डबे आहेत. भाकरी मधोमध मोडून तुकडे जरा लांब सरकवावेत, तसे. वर-खाली मोठं चुंबक. मधोमध सोडायचा प्रोटॉन (हायड्रोजनच्या अणूचा गाभा). चुंबक त्याला वळवत राहतं, आणि फट ओलांडताना दर वेळी विजेचा धक्का बसतो."

"पण परत येताना तोच धक्का त्याला मागे ढकलेल ना?"

"म्हणून तेवढ्यात वीज दिशा बदलते. ठेक्यात. वेग वाढला की वर्तुळ मोठं होतं."

"मग फेरीला वेळ जास्त लागेल."

"नाही! वाट लांबली, पण धावही तितकीच वाढली. वेळ तोच. एकच ठेका पुरतो."

"मग हवा तेवढा वेग देता येईल!"

"कुठला गं! मोठ्या वर्तुळाला मोठं चुंबक हवं. तालुक्याएवढं चुंबक कोण करणार? आणि प्रकाशाच्या वेगाजवळ जाताना कणाचं जडत्व (वेग बदलायला होणारा विरोध) वाढतं. तो फटीशी उशिरा पोहोचतो. तोवर विजेची दिशा बदललेली असते. मग पुढे ढकलणारा धक्काच त्याला मागे ओढतो."

शर्वी खंडूकडे पाहत राहिली. टक्‌. टक्‌.

"मग काय करायचं?"

"काही ठिकाणी कणाबरोबर ठेकाच मंद करत नेतात. पण मग एका वेळी कणांचा एकच जथा चालवता येतो. आम्ही कडेकडेला चुंबकाचा जोर वाढवत नेला, म्हणजे जड झालेला कणही वेळेवर वळतो. ती कल्पना तुझ्या आजीची. याच यंत्रावर बनलेल्या किरणोत्सारी औषधामुळे तिचा आजार तपासणीत दिसला. दिसला, पण उशिरा."

शर्वी उठली. "खंडू, आता तू नानांची वाट बघायची. ते पाऊल टाकतील, मग पुढचा टक्‌. दमतील तसा मंद हो."

"असं एका वेळी एकाच माणसाला चालवता येईल," खंडू म्हणाला.

"एकच आहेत," शर्वी म्हणाली.

ते पोहोचले. यंत्र बंद करायच्या दांड्याशी उभे राहताना नाना सवयीने थोडे डावीकडे सरकले, दुसऱ्या हाताला जागा ठेवून. त्या जागेत शर्वीने आपला हात ठेवला. दांडा खाली आला. इतकी वर्षे चालू असल्यामुळे कुणाला ऐकूच न येणारी घरघर, थांबल्यावर सगळ्यांना ऐकू आली.

नाना म्हणाले, "नवं यंत्र एवढंसं आहे म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा मावेल."

"मग कुणाला उशीर नाही होणार?"

"कमी जणांना होईल." नानांनी डोळे पुसले. "बाकीचं तू बघ."

खंडू वाट बघत उभा होता.

नानांनी पाऊल उचलले. मग टक्‌.