जावक, नेपच्यूनमार्गे

डॉ. ऋतुजा सरनोबत यांनी चष्मा काढला आणि दोन्ही डोळे तळहातांनी झाकून घेतले. शिरोळच्या माती-जीवाणू प्रयोगशाळेत इन्क्युबेटरच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. नमुन्यांच्या काचबशा धुवायच्या राहिल्या होत्या, अहवाल अर्धवट होता, आणि सकाळपासूनचा सगळा वेळ ईमेलची कंपनी निवडण्यात गेला होता.

"काय गं, माती सोडून पडद्याशी भांडतेस?"

दारात मल्हार पिंपळखरे उभे होते. कॉलेजातले मित्र, आता माणदेशातल्या प्रकाशटपालाच्या केंद्राचे प्रमुख. केंद्राभोवतीच्या माळावर गवत का धरत नाही, हे तपासून घ्यायला मातीच्या दोन पिशव्या घेऊन आले होते.

"जुनी कंपनी म्हणते, यापुढे आमच्याच ॲपमध्ये पत्रं वाचा," ऋतुजाबाई म्हणाल्या. "मला माझी पेटी हवी."

पेटी म्हणजे त्यांच्या टेबलावरच्या संगणकातला जुना ईमेल-प्रोग्राम. तो कंपनीकडून पत्रे उतरवून घेई आणि याच संगणकात ठेवी. कॉलेजपासूनची पत्रे त्यात होती.

"मग दुसरी कंपनी बघ."

"तेच चाललंय. ही एक पेटी चालवू देते, पण तिचं भाडं मला परवडत नाही. ही दुसरी फुकट आहे. पण ती आपली पत्रं वाचते आणि गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती दाखवते."

"गुडघे दुखतात का?"

"दुखतात. पण ते तिला कशाला कळायला हवं?"

मल्हार हसत स्टुलावर बसले. "आमचं घे. पेटी चालते, कोणी काही वाचत नाही, आणि चहाच्या खर्चात वर्ष निघतं."

"इतकं स्वस्त? मग सगळ्यांची पत्रं साठवता कशात?"

"कशातच नाही."

ऋतुजाबाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

"जत्रेत चेंडू झेलणारा पाहिलायस ना?" मल्हार म्हणाले. "हात दोन, चेंडू पाच. मग उरलेले तीन कुठं ठेवलेले असतात?"

"हवेत."

"हवेत ठेवायला भाडं लागतं? आमचंही तसंच आहे. नेपच्यूनच्या पलीकडं आमचं आरसायान आहे. इथल्या फेक-मनोऱ्यावरून पत्रं प्रकाशाच्या स्पंदांत घालून तिकडं फेकायची. यान त्यांना पुन्हा जोम देऊन परत पाठवतं. आली की झेलायची, आणि ज्यांना अजून ठेवायचंय त्यांची परत फेकायची. पत्र सदैव वाटेवर. गोदाम नाही, तबकड्या नाहीत, त्या थंड ठेवायचा खर्च नाही."

"आणि पृथ्वी फिरते तेव्हा?"

"इतर देशांत आणखी दोन झेल-केंद्रं आहेत. पाळीपाळीनं झेलतो."

"यान तर दूर दूर जात असेल."

"जाऊ दे की! वाट लांबली की वाटेवर जास्त पत्रं मावतात. आमचं गोदाम बांधकाम न करता रोज वाढतं."

ऋतुजाबाईंना हसू आले. बऱ्याच दिवसांनी कोणी त्यांना काहीतरी समजावून सांगत होते, विकत नव्हते.

"तोटा काय ते सांग आता."

"पत्र पोचायला नऊ तास. फेक-मनोऱ्याला स्मरण नाही, तो नुसता फेकतो. पत्ता वाचला जातो तो झेलताना. त्यामुळं शेजारच्या खोलीतल्या माणसाला लिहिलंस तरी पत्र नेपच्यूनपलीकडं जाऊन येणार. आणि एकदा निघालं की त्याला कोणी गाठू शकत नाही. प्रकाशाच्या मागं धावणार कोण?"

"मला कुठं घाई आहे," ऋतुजाबाई म्हणाल्या.

"दोघांची जोडयोजना घेतलीस तर आणखी स्वस्त. दोघांची जावक एकाच स्पंदात जाते. पाळी आली की केंद्र आपणहून दोन्ही पेट्यांतली जावक उचलतं. तुम्हाला बटणसुद्धा दाबावं लागत नाही."

बटण दाबावे लागत नाही, हे दमलेल्या माणसाला बरेच वाटते. ऋतुजाबाईंनी जोडयोजना घेतली. दुसरे नाव घातले शाल्मलीचे, म्हणजे मुलीचे. ती गुवाहाटीला नदीच्या गाळावर संशोधन करत होती. शाळेत असताना आईने तिच्या संगणकात पेटी घालून दिली होती आणि ती अजून तीच वापरत होती.

पेटी वापरायची ऋतुजाबाईंची एक पद्धत होती. राग आला की त्या पत्र लिहीत, जावक कप्प्यात टाकीत आणि झोपायला जात. बटण दाबल्याशिवाय जुनी पेटी काहीच पाठवत नसे. सकाळी त्या ते पत्र पुन्हा वाचत आणि पुसून टाकत. संचालकांना, सासूबाईंना, बँकेला लिहिलेली कितीतरी जळजळीत पत्रे जावक कप्प्यातच जन्मली आणि तिथेच संपली. त्यामुळेच तर ऋतुजाबाई शांत स्वभावाच्या म्हणून ओळखल्या जात.

नवी व्यवस्था सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर एका संध्याकाळी शाल्मलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. ऋतुजाबाईंना इतका आनंद झाला की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"आणि आई, मी काम सोडतेय."

"काही काय! रजा घे की."

"रजेनं भागणार नाही. मला बाळाजवळ राहायचंय."

"शाल्मली, अगं परत उभं राहता येत नाही. मला विचार."

"तू सोडलंच होतंस ना? माझ्यासाठी?"

"म्हणूनच सांगतेय."

"बरं. कळलं," एवढेच म्हणून शाल्मलीने फोन ठेवला.

ऋतुजाबाईंनी पेटी उघडली. 'तू झालीस आणि सात वर्षं मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही,' त्यांनी लिहिले. 'माझ्या हाताखालची मुलं पुढे गेली. त्या वर्षांचा मला राग होता, आणि समोर तू होतीस, म्हणून तो तुझ्यावर होता. मी तो कधी बोलून दाखवला नाही. आता तीच चूक तू करतेयस.' त्यांनी पत्र जावक कप्प्यात टाकले आणि दिवा मालवला.

सकाळी चहाचा कप घेऊन त्या ते पुसायला बसल्या, तर जावक कप्पा रिकामा होता.

"मल्हार, एक पत्र थांबवायचंय."

"गेलं का?" फोनवर मल्हारांचा आवाज आला. "मग ते आता युरेनसच्या कक्षेच्या आसपास असेल. छान हवा आहे तिकडं."

"थट्टा करू नकोस. मी पाठवलं नव्हतं. जावकमध्ये नुसतं ठेवलं होतं."

आपण काय सांगितले होते ते मल्हारांना आठवले असावे. "केंद्र आपणहून उचलतं," ते हळूच म्हणाले.

"हो. आणि मला ते फार आवडलं होतं."

"शाल्मलीला फोन कर. म्हणावं, येईल ते वाचू नकोस."

"तुझी आई तुला असं म्हणाली असती, तर तू वाचलं नसतंस?"

"पाठ केलं असतं," मल्हार म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "एक उपाय आहे. खातं तुझं आहे, तेव्हा तू लेखी कळव. तुमचा स्पंद परत येईल त्या क्षणी मी झेलणारा डोळा मिटून घेतो. मग तो प्रकाश नुसता माळावर पडेल. कुणाला काही कळणार नाही."

"कळवते. लगेच."

"थांब जरा." कळफलकाची टकटक ऐकू आली. "तुझं पत्र केवढं होतं?"

"असेल पाचसहा ओळी."

"तुमचा स्पंद तर भलताच लांब आहे. चारपाच पानांचा ऐवज आहे यात. शाल्मलीनंही त्याच पाळीत काहीतरी लिहिलंय."

ऋतुजाबाईंनी कप खाली ठेवला. "तिचं वेगळं काढ."

"कसं काढू? मला स्पंदाची लांबी दिसते, आतलं नाही. कुलपं तुमच्या पेट्यांत. पत्ते यंत्र वाचतं आणि झेलताक्षणी पोचवून टाकतं. झेलायचा तर अख्खा, सोडायचा तर अख्खा. म्हणून तर योजना स्वस्त."

"काय लिहिलं असेल तिनं?"

"मला कसं कळणार? तुझं पोचू द्यायचं नसेल तर तिचंही बुडणार. दुपारपर्यंत विचार कर."

ऋतुजाबाईंनी विचार केला. काचबशा धुतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, तरी विचार चालूच राहिला. काल फोन ठेवल्यावर शाल्मलीने चारपाच पाने लिहिली. इतके लांब पत्र तिने आईला कधी लिहिले नव्हते. ते रागाचे असेल. बहुधा रागाचेच. पण तिने लिहिलेले आपल्याला नको म्हणून माळावर सांडून टाकायचे, हे त्यांच्याने होईना. आपले पत्र तिला मोडून टाकील, हेही त्यांना दिसत होते. तू माझी चूक होतीस, असेच ती वाचणार. पोटात बाळ असताना वाचणार.

दुपारी मल्हारांचा फोन आला. "काय करू? फार वेळ नाही."

"झेल," ऋतुजाबाई म्हणाल्या आणि पेटीपुढे जाऊन बसल्या.

आवक कप्प्यात शाल्मलीचे पत्र उतरले. त्याच क्षणी आपले पत्र तिकडे उतरले असणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

'आई, हे मी पाठवणार नाहीये. तुझ्यासारखंच जावकमध्ये टाकून झोपणार आहे आणि सकाळी पुसणार आहे. म्हणून एकदाचं लिहिते. तू माझ्यावर रागावलेली असायचीस. माझे केस विंचरताना तुझा हात मऊ असायचा आणि चेहरा दुसरीकडेच. मी विचारलं की तू म्हणायचीस, छे गं, मी कशाला रागावू? मग मला वाटायचं, मलाच काहीतरी वेडंवाकडं दिसतंय. माझ्यातच काहीतरी बिघडलंय. मी काम सोडतेय ते बाळाला असं वाटू नये म्हणून. तू एकदा, फक्त एकदा, हो म्हणाली असतीस ना, की हो, होता राग, तर मी इतकी घाबरले नसते.'

पुढे आणखी पाने होती. ऋतुजाबाई तिथेच थांबल्या. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, पण त्या पुसायला हात उचलेना. आई आणि मुलगी एकाच संध्याकाळी एकाच भांडणातून उठल्या होत्या, एकाच सवयीने बसल्या होत्या. एकीने विचारले होते, दुसरीने ते न ऐकताच उत्तर लिहिले होते, आणि दोन्ही पत्रे एका स्पंदात शेजारी शेजारी नेपच्यूनपलीकडे जाऊन आली होती. ती पुसायला दोघीही तेवढ्याच आतुर होत्या.

फोन वाजला.

"आई." शाल्मलीचा आवाज बसलेला होता. "तुझ्याकडे माझं काही आलंय का? उघडू नकोस. प्लीज. चुकून गेलंय ते."

"वाचलं मी."

शाल्मली म्हणाली, "तुझंही आलंय इथं. मी उघडलेलं नाही. तुझंही चुकूनच असणार. तू म्हणत असशील तर आत्ता पुसते, खरंच. पुसू का?"

सकाळपासून ऋतुजाबाईंना हेच तर हवे होते.

"नको," त्या म्हणाल्या. "वाच. पाचसहाच ओळी आहेत. मी फोन ठेवत नाही."