फेलेती भाऊजींचा कॉल

"चार दिवस माहेरी पाठव हिला. बघू, कॉम्प्युटर पळतो का ते."

लुपे वन्सं स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगत होत्या. मी दाराबाहेर नारळ खवत होते. वव्हाऊ बेटावर लग्न होऊन आले त्याला महिनाही झाला नव्हता. तेवढ्यात मासळी आटली, कोंबडी खुडूक बसली आणि कॉम्प्युटर मंदावला. सगळा माझाच पायगुण. कोंबडीचं मी काय सांगणार? पण कॉम्प्युटरचं थोडंफार कळत होतं. आणि चार दिवसांसाठी पाठवलेली सून पुन्हा बोलावलीच जात नाही, हे शेजारच्या घरात मी पाहिलं होतं.

खवणी ठेवून आत गेले.

"मी बघू का त्याला?"

"बघ बाई," वन्सं म्हणाल्या. "मेलेल्याला आणखी काय मारणार तू?"

शनिवारची दुपार. मागच्या अंगणात सेमिसी, माझा नवरा, उद्याच्या जेवणासाठी जमिनीतल्या भट्टीचे दगड रचत होता. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर झाडाच्या सालीचं चितारलेलं कापड टाकलेलं असे. सासूबाई तो कुणाला बंद करू देत नसत. झोपलेल्या बाळासारखा नुसता झाकायचा.

दोघी माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. वन्संनी उघडी ठेवलेली पानं मी आधी मिटली. केसांचे प्रकार, रग्बी, पुन्हा केसांचे प्रकार. पंखा घरघरतच होता. माऊस हलवला की बाण जरा वेळाने, घरच्यांना विचारून आल्यासारखा, निघायचा. मग टास्क मॅनेजर उघडून मेमरी कोण खातंय ते पाहिलं. सगळ्यात वर व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम. बाकीच्यांची भूक शितभर, याची हंडाभर. आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"आई, हा कुणाचा कॉल चालू आहे?"

सासूबाईंनी दुखवट्याच्या काळ्या झग्याशी चाळा केला. "...फेलेतीचा."

फेलेती भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलं नव्हतं. ईस्टरच्या आधी होडीवरून फोनवर आईशी बोलता बोलता ते गेले. होडी सापडली नाही, ते नाहीत, हातातला फोनही नाही.

"लाल बटण नाही दाबलं मी," सासूबाई पुटपुटल्या. "लेकराच्या तोंडावर निरोप कसा देऊ? ते वजाबाकीचं चिन्ह आहे ना, ते दाबलं. गेला बिचारा खाली... बसून राहिला."

"पण आई, फोन बुडाला की कॉल आपोआप तुटतो."

"मग हा काय खातोय इतके दिवस?"

मी कॉलची खिडकी मोठी केली.

पडदा काळा. खोलीत खाऱ्या पाण्याचा, कुजक्या शेवाळाचा वास आला. मग हळूहळू उजेड... एक खोली. तीन बायका, पाठमोऱ्या. खुर्चीतल्या बाईच्या अंबाड्याला खोबऱ्याचा कीस चिकटला होता.

मी हात मागे नेला. पडद्यातल्या बाईनेही नेला.

वन्सं गर्रकन वळल्या. मागे भिंत, चटई, उघडं दार. कुणी नव्हतं. चित्रात मात्र आमच्या पाठी मोठ्या होत होत्या... जवळ...

"फेलेती?" सासूबाईंचा आवाज फाटला. "कुठे आहेस रे..."

स्पीकरमध्ये पाणी खळखळलं. मग अगदी घरगुती आवाजात कुणी म्हणालं, "अलू आ."

कॉल संपला. कुणीही काही दाबलं नव्हतं. पंखा शांत झाला आणि बाण हरणासारखा धावू लागला.

सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. "निरोप दिला गं त्याने! सुटला माझा पोरगा!"

वन्संनी मला घट्ट धरलं. "आई, हिच्या हाताला गुण आहे. कुठे म्हणून पाठवायची नाही हिला!"

जिंकलेच होते मी. गप्प बसले असते तर घर माझंच होतं.

पण आमच्या भाषेत निरोपाचे शब्द दोन. जाणारा म्हणतो "नोफो आ", म्हणजे तू राहा. राहणारा म्हणतो "अलू आ", म्हणजे तू जा. शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही.

दारातल्या चटईखालून पाणी झिरपत आमच्या पायांकडे येत होतं.

"आई... वन्सं... भाऊजी गेले नाहीत," मी म्हणाले. "ते राहतायत. जा म्हणाले ते आपल्याला."