पडदा काळा, दिवा निळा

सटवानं चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत उकिडवा बसला. खुर्ची पुढे केली तर नको म्हणाला.

"बाई, माज्या बायकूला, साखराबाईला, गाडीनं उडवलं. वडवणीच्या वळनावर, मेंढरं रस्ता वलांडत हुती तवा. दवाखान्यात हाय, शुद्धीवर न्हाई. गाडी कुनाची, येवढंच मला पायजे."

"तुम्ही पाहिली नाही?" प्रियदर्शनीनं विचारलं. बीडमध्ये खाजगी तपासाची कामं घेणारी ती एकटीच बाई.

"मी पुढं गेलतो. पर वळनावर अर्जुनरावाचं खताचं दुकान हाय, क्यामेरा रस्त्याकडंच. दुसऱ्या दिशी बगाय गेलो तर नेमकं तेवढंच पुसल्यालं. दुकानातल्या पोरीनं पुसलं म्हनत्यात. लोक तिच्या दारात जाऊन शिव्या देऊन आले. आज जमादार येनार, तिचंच नाव लिहिनार."

आतल्या दारात प्रियदर्शनीची वहिनी वनमाला ऐकत उभी होती. शिव्या द्यायला माणसं आपल्या दारात आली तर? तान्ही लेक तिनं सासूबाईंच्या मांडीवर दिली आणि नणंदेच्या मागं निघाली. प्रियदर्शनी तपासाला निघाली की सोबत जायचं, हे आता ठरूनच गेलं होतं. वनमालेला दिसायचं सगळं. त्याचा अर्थ मात्र वन्संना आधी लागायचा.

दुकानात सुकन्या कॉम्प्युटरपासून दूर उभी होती, हात पदरात गुंडाळून. डोळे रडून सुजलेले.

"कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग इथंच साठतं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"व्हय, याच डब्यात. ताई, मी हातसुदिक लावला न्हाई. अपघात झाला त्याच दिशी बीडवरनं अजिनाथ सरांचा फोन आला, बिलाचं सॉफ्टवेअर नीट करायचंय म्हनून. ते तिकडूनच कॉम्प्युटर चालवत्यात. माऊसला हात लावायचा न्हाई, हा त्यांचा नेमच हाय. मी हाताची घडी घालून बसले. बाण आपल्याआप फिरत हुता. आन् एकदम पडदा काळा."

"मग?"

"सरांना फोन लावला, उचलंनात. माजा मोबाईल संपत आलता, मनून डब्यालाच वायर लावली चार्जिंगला. तेवढ्यात घरनं फोन आला. वायर काढली, बाहेर जाऊन बोलले. परत आले तरी काळंच. मालक आले, त्यांनी बगितलं. मंग जरा येळानं पडदा आला."

"पडदा काळा झाल्यावर चार्जिंगला लावलास? नक्की?"

"तर वो! आदी सरांना चार फोन केले म्हनून तर संपला."

अर्जुनराव गादीवर रेलून ऐकत होते. पंचायत समितीत उठबस असलेला माणूस. आवाज दुकानापुरता कधीच नसायचा.

"कावून त्या पोरीला छळता? बाजारातनं चालत आलो, बगतो तर पडदा काळा. दोन थापा मारल्या त्याला. बारका निळा दिवा तर चालूच व्हता, मग दिसाय काय झालं बे, मनलं!"

"चालत? तुम्ही?" प्रियदर्शनी हसली.

"पुतण्याची गाडी हाय की, रविराजची. पर त्यानं गॅरेजला लावलीय. त्याचंच डोकं ह्ये क्यामेऱ्याचं. अजिनाथ त्याचा दोस्त, त्याच्याकडूनच बसवून घेतले."

प्रियदर्शनीनं अजिनाथला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मॅडम, मलाही काळंच दिसत होतं," पलीकडचा आवाज घाईत होता. "सुरुवातीला दिसलं आणि मग सगळं ब्लँक. मालकांनी स्क्रीनचं बटण बंद केलं असेल, त्यांना सवय आहे. आणि ती मुलगी! माझं काम चालू असताना कॉम्प्युटरला मोबाईल लावून बसली. हँग नाही होणार तर काय?"

"स्क्रीन परत आल्यावर तुम्ही काही तपासलंत?"

"काहीच नाही. कनेक्शन तोडलं लगेच."

"बरं. लॅपटॉप घेऊन इकडे या. परत जोडून बघू."

दोघी समोरच्या टपरीवर चहाला बसल्या. वनमालेनं घरी फोन करून लेक झोपली का विचारलं, मग हळूच म्हणाली, "वन्सं, मालकच असणार. बटण बंद केलं, पोरीला बाहेर घालवलं."

"वहिनी, बटण बंद केलं असतं तर निळा दिवा राहिला असता का?"

घरातला टीव्ही बंद केला की त्याचा दिवा लाल होतो, हे वनमालेला आठवलं. "पण मग वायर निसटली असेल?"

"वायर निसटली तर पडद्यावर तशी सूचना येते आणि दिवा रंग बदलतो. इथं दिवा निळाच. म्हणजे कॉम्प्युटर पडद्याला चित्र पाठवत होता. काळं चित्र."

अजिनाथ आला तेव्हा दुकानाबाहेर माणसं जमली होती. सटवा खांबाला टेकून उभा होता. प्रियदर्शनीनं लॅपटॉप काउंटरवर ठेवायला लावला.

"जोडा."

त्यानं जोडला. दुकानाचा पडदा लॅपटॉपवर जसाच्या तसा दिसू लागला.

"आता समोरच्याचा पडदा झाकायचं बटण दाबा."

"असं काही..."

"बँकेचं काम करताना समोरच्यानं बघू नये म्हणून असतं ते. दाबता, की मी दाबू?"

अजिनाथच्या बोटानं उगीच इकडं तिकडं केलं. मग दाबलं. दुकानाचा पडदा काळाठिक्कर झाला. खालचा निळा दिवा मात्र जळतच राहिला. आणि लॅपटॉपवर सगळं लख्ख दिसत होतं.

"अस्संच झालतं!" सुकन्या ओरडली.

"बटण आहे म्हणजे मीच दाबलं का?" अजिनाथ उसळला. "मला काळं दिसत होतं!"

"मग मोबाईल कसा दिसला? सुकन्यानं तो पडदा काळा झाल्यावर लावला आणि पडदा यायच्या आधी काढला. फोन तर तुम्ही उचललाच नव्हता. मोबाईल जोडला की कोपऱ्यात सूचना येते. ती इथं कुणालाच दिसली नाही, मालकांनाही नाही. ती बघणारा एकच, ज्याच्याकडे पडदा काळा नव्हता."

अजिनाथनं लॅपटॉप मिटला.

"तुमचं या मेंढपाळांशी वैर नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "दोस्तासाठी केलंत. अपघात झाला आणि रविराजची गाडी गॅरेजला गेली."

"ए बाई, तोंड सांबाळ!" अर्जुनराव गादीवरून उठले. "क्लिप कुठाय? पुरावा काय?"

"क्लिप गेली," अजिनाथ पुटपुटला. "परत येणार नाही."

"नको येऊ दे. पुसायच्या आधी ती शोधावी लागली ना? शोधताना बघावी लागली. गाडी कुठली, चालवत कोण होतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस माझ्यासमोर उभा आहे. जमादारांना जबाब एवढाच लागतो."

अजिनाथनं अर्जुनरावांकडं पाहिलं, मग दारातल्या गर्दीकडं.

सटवा पुढं आला. त्यानं नाव विचारलंच नाही.

"बाबा, गाडी थांबली हुती का?"

अजिनाथनं मान खाली घातली.

"थांबली होती, काका. रविराज उतरला. काकूंजवळ गेला, वाकून बघितलं." त्यानं वर सटवाकडं पाहिलं. "काकूंनी हात वर केला होता. तो परत गाडीत बसला."