चिकटवलेले दात

"एकही दात काढू देणार नाही मी," धाकटी बहीण म्हणाली आणि सवयीने तोंडावर हात धरला. "पंधराव्या वर्षी माझे चार चांगले दात काढले, ताई. गाल कसे बसले ते तू बघितलंयस. आता लेकीचंही तेच करायचं?"

दवाखान्याच्या मागच्या खोलीत ताई रबरी वाटीत प्लॅस्टर कालवत होती. पंचवीस वर्षं याच टेबलाशी बसून ती लोकांच्या दातांची पांढरी मॉडेलं बनवत आली होती. डॉक्टर त्यांवर मापं घेत आणि काय करायचं ते ठरवत. आज भाचीचं मॉडेल समोर वाळत होतं. वरचे दात इतके पुढे, की पोरीचे ओठ मिटतच नव्हते. वरचे दोन दात काढल्याशिवाय तारा लावून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मावशी, वर्गात मला खारूताई म्हणतात," स्टुलावरून भाची म्हणाली. "मी म्हटलं, मग अक्रोड तरी आणून द्या."

तिघीही हसल्या... आणि धाकटीचा हात पुन्हा तोंडावर गेला. तो हात पाहून ताईच्या अंतःकरणात जुनी कळ उठली. किती वर्षं ती तो हात पाहत होती, आणि किती वर्षं गप्प होती...

"तू जरा बाहेर बस गं," तिने भाचीला सांगितलं. दार लागेपर्यंत ती थांबली.

"तुझे दात बहुतेक काढायला नको होते."

"म्हणजे?"

"तुझं मॉडेल मी बनवलं होतं. कामाला लागून दोनच महिने झाले होते. साच्यातून काढताना पुढचे दोन दात तुटले. डॉक्टर ओरडतील म्हणून मी ते चिकटवले... ते आत सरकून बसले. डॉक्टरांनी त्यावरच मोजलं आणि जागा कमी आहे म्हणाले. मी शेजारी उभी होते गं, आणि तोंड उघडलं नाही."

वाटीतलं प्लॅस्टर घट्ट होऊन गेलं होतं.

"आणि मी आईला बोलत राहिले," धाकटी हळूच म्हणाली. "दात काढायच्या कागदावर सही तिनं केली म्हणून. ती जाईपर्यंत..."

"ते ऐकूनही मी गप्पच बसले."

"मग आज कशाला सांगतेस?"

"माझ्या चुकीमुळे तुला बसलेली भीती तुझ्या लेकीला भोवतेय म्हणून. तिचे खरंच काढायला हवेत. तू माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण तिचे ओठ मिटू देत."

धाकटी उठली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

आठ दिवस फोन नाही. ताई रोज कामावर येत होती, मॉडेलं बनवत होती, आणि प्रत्येक मॉडेल साच्यातून काढल्यावर एकेक दात तपासून बघत होती...

नवव्या दिवशी सकाळी दार उघडलं. भाची सरळ स्टुलावर जाऊन बसली. धाकटी उंबऱ्यातच थांबली.

"डॉक्टरांशी बोलले. नवं मॉडेल करायचं, तोंडातही मोजायचं आणि मगच काढायचे." "राग गेलेला नाही माझा, ताई. आईला आता काय सांगू, तेही कळत नाही... पण मॉडेल तूच बनव."

ताईने डोळे पुसले.

"आणि तुटलं," धाकटी म्हणाली, "तर या वेळी सांग."

ताईने मान हलवली. स्टुलावर खारूताई केव्हाची आ करून बसली होती.