तीन नंबरची काच

आत्याचे अंगठे गुळगुळीत होते. जन्मभर कपडे धुण्याच्या कारखान्यात सोड्याच्या पाण्यात हात घालून बोटांवरच्या रेषा पार निघून गेल्या होत्या. वर्षातून एकदा हयातीची तारीख जवळ आली, की सकाळच्या चहाबरोबर तिचा उद्योग सुरू व्हायचा. मलमाची डबी उघडायची, दोन्ही अंगठे चोळत बसायचं आणि मधूनमधून उजेडात धरून बघायचे.

"उगवल्या का गं रेषा?" ती भाचीला विचारायची.

"रेषा म्हणजे काय गवत आहे उगवायला?"

"हसू नकोस. त्या मशीननं मला मेलेली ठरवलं, तर तुझ्या चहात साखर कोण घालणार?"

भाची हसायची, पण तिलाही धाकधूक असायची. म्हाताऱ्या माणसांनी वर्षातून एकदा कचेरीत जाऊन काचेवर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला तर माणूस जिवंत, नाही लागला तर कागदोपत्री मेला, असा तो कारभार होता. मेलेल्याचं निवृत्तिवेतन बंद. तुम्ही समोर उभे राहून कितीही हातवारे केलेत, तरी मशीनला डोळे नसतात. आत्या गेल्या वर्षी कशीबशी निभावून गेली होती, तीही डाव्या अंगठ्यावर.

भाची सरकारी फसवणुकींच्या चौकशी खात्यात डिजिटल तपासणीस होती. संगणकात, यंत्रांत कुणी काय केलं, कधी केलं, काय पुसून टाकलं, ते शोधायचं हे तिचं काम. खात्यात तिला सगळे चाळणी म्हणत. तिच्या हातून खडा निसटत नाही, असा त्याचा अर्थ होता आणि तिला तो मनातून आवडायचा.

म्हणूनच तीन नंबरचं प्रकरण साहेबांनी तिच्याकडे दिलं.

हयातीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर बसणारा एक कारकून होता. वर्षानुवर्षं तिथेच बसल्यामुळे त्याचं नावच तीन नंबर पडलं होतं. त्याच्या खिडकीवरच्या मशीननं ज्यांना मृत ठरवलं होतं, अशी बरीच माणसं परस्पर पुन्हा जिवंत झाली होती. तीही नेमकी सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, कचेरीला बाहेरून कुलूप असताना.

"उघड आहे," साहेब म्हणाले. "पैसे घेऊन मेलेल्यांना उठवतोय. कसं करतो तेवढं दाखव. शुक्रवारी अहवाल, सोमवारी तो तुरुंगात."

"साहेब, माझ्या आत्याचं नाव त्याच कचेरीत आहे."

"अर्ध्या गावाचं आहे. कामाला लाग."

कचेरीतल्या पंचनाम्याला तीन नंबरलाही बोलावलं होतं. निलंबित माणूस, हातात जेवणाचा डबा. चाळणीनं डब्याकडे बघितलं तसा तो ओशाळला.

"वडिलांना अजून सांगितलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "थकलेत. रोज वेळेवर डबा घेऊन निघतो, दिवसभर बागेत बसतो आणि सुटायच्या वेळेला घरी जातो."

चाळणीला आरोपींची कणव येत नसे. ह्याची आली, आणि त्यामुळे ती स्वतःवरच चिडली.

खिडकी साधी होती. लाकडी फळी, फळीवर ते मशीन, मशीनवर अंगठा सहज मावेल एवढी काच. खिडकीच्या तावदानाला खालच्या कोपऱ्यात तडा गेला होता आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली होती.

"तिथं हात सांभाळा," तीन नंबर म्हणाला. "हिवाळ्यात तावदान फुटलं. कापतं. दुरुस्तीला अर्ज दिलाय, पण ऐकतो कोण."

"अंगठा उमटला नाही तर काय करता?"

"मी काय करणार? पूर्वी माझ्या जागी जुन्या बाई होत्या. त्यांना अधिकार होता. समोरचा माणूस डोळ्यांनी बघायच्या आणि स्वतःचा अंगठा लावून सांगायच्या, आहे हा जिवंत. त्या निवृत्त झाल्या, मग वारल्या. तो अधिकार पुढे कुणाला दिलाच नाही." तो थोडा थांबला. "माणसं रडत परत जातात, मॅडम. मला ते बघवत नाही. पण मी काही केलेलं नाही. मला घरातला साधा स्क्रू फिरवता येत नाही."

चाळणीनं मशीन काढलं, पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवीला मोहोर लावली आणि सह्या घेतल्या.

तिच्या कामाचा पहिला नियम असा, की मूळ वस्तूला हात लावायचा नाही. आतल्या स्मृतीची हुबेहूब प्रत काढायची, वस्तू पुन्हा मोहोरबंद करायची आणि पुढचं सगळं प्रतीवर करायचं. तसं तिनं केलं. पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली आणि प्रत उघडून बसली.

उत्तर लगेच मिळालं, आणि ते भलतंच होतं. प्रत्येक वेळी मेलेल्याला जिवंत करणारा अंगठा जुन्या बाईंचा होता.

जिवंत कोण आणि मेलं कोण याची दिवसरात्र उस्तवार करणाऱ्या त्या कचेरीत, आपल्याच माणसाचं मरण नोंदवायचं राहून गेलं होतं. मशीनच्या लेखी बाई अजून नोकरीत होत्या.

"साचा!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "रबराचा नाहीतर सिलिकॉनचा अंगठा केलाय लेकाच्यानं. सापडला."

चाळणीलाही तेच वाटलं. साचा ओळखायची रीत तिला ठाऊक होती. मशीन दर वेळी टेकलेल्या अंगठ्याचं चित्र आत साठवतं, आणि ते मशीन बनवणाऱ्यांशिवाय फारसं कुणाला माहीत नसतं. साच्याचा अंगठा दर वेळी तोच उमटतो, तेच बुडबुडे, तीच कड. तिनं जुन्या बाईंची सगळी चित्रं काढली आणि पडद्यावर एकाशेजारी एक मांडली.

एकही चित्र दुसऱ्यासारखं नव्हतं. कधी अंगठा जोरात दाबलेला, कधी घाईत तिरका टेकलेला. कुठे घामानं रेषा फुगलेल्या, कुठे थंडीनं आकसलेल्या.

आणि हिवाळ्यात अंगठ्यावर एक काप आला होता.

चाळणीनं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. एका चित्रात ताजा, उघडा काप. पुढच्यात त्याच्या कडा जवळ आलेल्या. त्याच्या पुढच्यात खपली. वसंतापर्यंत तिथं एक आडवा, बारीक, जाड व्रण उरला होता.

साच्याला जखम होऊ शकते. ती भरून येत नाही.

दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कुणीतरी फोनवर मोठ्यानं हसत होतं. तिनं सहज पिशवीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

वायर काढलेल्या, मोहोरबंद मशीनच्या काचेवर आतल्या बाजूला वाफ धरली होती. रुपयाएवढा गोल. बघता बघता तो विरला आणि काच स्वच्छ झाली.

मग पुन्हा धरला.

ती पिशवी घेऊन थेट शेजारच्या टेबलापाशी गेली. तिथला वयस्क तपासणीस म्हणाला, "दमट हवा, दुसरं काय." बाहेर पाचोळा वाजेल इतकी हवा कोरडी होती. त्यानं आपला चहाचा कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

जुन्या बाईंची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चाळणी गेली तेव्हा ती एका गिऱ्हाइकाचा चष्मा पुसत होती. भिंगावर तोंडानं "हाऽऽ" करून वाफ सोडायची, की फडकं फिरवायचं.

"आईची सवय," ती हसून म्हणाली. "कोरड्या बोटांचं माणूस आलं की आई काचेवर अशीच वाफ सोडायची. ओली काच अंगठा पटकन घेते म्हणे. तरी नाही उमटलं, तर त्याचा अंगठा आपल्या हातात धरून दाबायची. म्हणायची, माझ्या खिडकीवरून कुणी मेलेलं परत जायचं नाही."

"त्यांच्या अंगठ्याला कधी काही लागलं होतं? कापलं वगैरे?"

"नाही हो. शेवटी मीच होते ना जवळ. हात अगदी मऊ होते तिचे." तिनं चष्मा खाली ठेवला. "का हो?"

"कचेरीत त्यांच्या मृत्यूची नोंद नाही," चाळणी एवढंच म्हणाली.

"अगंबाई! दाखला आणून देऊ का?"

हा खरा प्रश्न होता. दाखला आला, की अंगठा पुसला जाणार. अंगठा पुसला, की प्रकरण नियमात बसणार, साहेब खूश होणार. आणि चाळणीला आजवर नियमात न बसणाऱ्या गोष्टींचा तिटकाराच वाटत आला होता. पण तिच्या डोळ्यांसमोर डबा घेऊन बागेत बसलेला माणूस आला, आणि त्याच्या मागोमाग उजेडात धरलेले दोन गुळगुळीत अंगठे. आपल्या घरचं दुखणं म्हणून तर आपण विरघळत नाही ना, असं तिनं स्वतःला विचारलं. थोडं तेही होतं. ते तिनं नाकारलं नाही.

"कचेरीनं मागितला तर द्या," ती म्हणाली.

पुढचे दिवस ती पायपीट करत होती. पुन्हा जिवंत झालेल्यांच्या घरी एकेक करून गेली. एक आजोबा जिन्यावर बसून मटार सोलत होते. एक आजी तिच्यावरच खेकसली, "मेले असते तर दार कुणी उघडलं असतं?" एका खोलीत तर दोघी बहिणी भांडत होत्या आणि दोघीही कागदोपत्री एकदा मरून आल्या होत्या. सगळी माणसं हाडामासाची, धडधडीत जिवंत होती. कुणी कुणाला एक पैसा दिलेला नव्हता. शेवटच्या घराचा जिना उतरताना चाळणीचं मन इतकं हलकं झालं होतं, की चौकशीच्या कामात असं कधी झाल्याचं तिला आठवेना.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल वाचला. पुन्हा वाचला.

"साचा नाही?"

"नाही. अंगठा जिवंत माणसाचा आहे. चित्रं जोडली आहेत, जखम भरत गेलेली दिसते. आणि तो तीन नंबरचा नाही, तेही पडताळलंय."

"मग त्या बाईचाच? ती तर—"

"कचेरीत तशी नोंद नाही, साहेब."

साहेबांनी अहवाल मिटला. "मला कळतंय तू काय करत्येस ते. बरं, फसवणूक कुणाची झाली?"

"कुणाचीच नाही. जिवंत माणसांना जिवंत म्हटलंय. चूक असेल तर ती मशीनची, त्यानं त्यांना मारलं तेव्हाची."

"अंगठा पुसून टाकायला हवा."

"मृत्यूचा दाखला लागेल. नियम आहे."

"आणि दाखला मागवायचा कुणी?"

"त्या कचेरीनं."

साहेबांना ती कचेरी माहीत होती. तडकलेलं तावदान तिथं हिवाळ्यापासून तसंच होतं. त्यांनी मोहोरबंद पिशवीकडे एकवार बघितलं. काच तेव्हा स्वच्छ होती. त्यांनी सही केली आणि ते पेन बराच वेळ टोपणात घालत बसले.

तीन नंबर सोमवारी कामावर रुजू झाला. त्या दिवशी म्हणे त्यानं डबा सगळ्यांना वाटून खाल्ला.

आत्याची तारीख त्याच आठवड्यात होती.

चाळणी रजा काढून बरोबर गेली. रांग लांब होती. आत्यानं मलमानं चोळून चोळून अंगठे लाल केले होते.

"नाही उमटलं तर?"

"तर आपण भांडू."

"तुला भांडता येत नाही. लहानपणापासून मीच भांडत्येय तुझ्यासाठी."

नंबर आला. तीन नंबरनं चाळणीला ओळखलं, डोळ्यांनीच नमस्कार केला. मशीन परत फळीवर बसवलं होतं. तावदानाची चिकटपट्टी नवी होती.

आत्यानं आपली काठी, पिशवी आणि शाल भाचीच्या हातात कोंबली आणि उजवा अंगठा टेकवला.

लाल दिवा.

डावा टेकवला.

लाल.

पुन्हा उजवा. आत्याचा चेहरा उतरला. मागे रांग चुळबुळली. तीन नंबर आपल्या खुर्चीत मागे सरकून बसला, हात मांडीवर ठेवून. फळीला त्याचा स्पर्शही होत नव्हता.

काचेवर वाफ धरली.

चाळणीनं ती बघितली. आत्याच्या अंगठ्याभोवती, रुपयाएवढी. फळीजवळ कुणाचं तोंड नव्हतं.

हिरवा दिवा लागला.

"पुढचे," तीन नंबर म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

आत्या बाहेर पायरीवर आली तेव्हा लहान मुलीसारखी हसत होती. चाळणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी, दंडावर शाल.

"तुझे खरंच उपकार गं," आत्या म्हणाली. "माझा अंगठा असा दाबून धरलास म्हणून उमटला. कित्ती मऊ हात आहे तुझा!"

मग ती थबकली आणि भाचीची बोटं काठीवरून सोडवून, उलटीपालटी करून बघू लागली.

"पण तो अंगठ्यावरचा व्रण कुठाय? मला तर चांगला खरखरीत लागला होता."