झेंडूच्या माळा घातलेली कुत्री

"पायल, लवकर ये! आपला किल्ला कुणीतरी तुडवलाय!"

विकीची हाक ऐकून पायल धावतच खाली आली. नरकचतुर्दशीची सकाळ होती. बारामतीतल्या आपल्या सोसायटीत पायल, विकी आणि बुद्धघोष यांनी दिवाळीच्या सुट्टीत खपून किल्ला म्हणून मातीची सीमाचौकी उभारली होती. आता तिचा उतार सपाट झाला होता आणि वरचा कागदी तिरंगा गायब होता!

तेवढ्यात सोसायटीतला मोती कुत्रा शेपटी हलवत आला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर लाल टिळा! मागोमाग आणखी दोन कुत्री, तशीच नटलेली!

"कुणीतरी आपली चेष्टा करतंय," विकी म्हणाला.

पाकळ्यांचा माग वॉचमनच्या खोलीपाशी थांबला. नेपाळी वॉचमनकाका एका पिल्लाला टिळा लावत होते.

"बेटा, आज आमचा..."

"आमचा झेंडा कुठाय?" पायल ओरडली. "कुत्र्यांना हार, आणि तिरंग्याचा अपमान? भारतात असलं चालत नाही!"

"अगं, त्यांना बोलू तरी दे!" बुद्धघोषने तिची बाही ओढली.

पण आरडाओरडा ऐकून सेक्रेटरी नागेशराव आले. "काय इचारायचं न्हाय! सामान उचल आन् नीघ!"

काका पिशवी घेऊन निघून गेले.

"शाब्बास पोरांनो!" नागेशराव म्हणाले. पायलची मान ताठ झाली.

बुद्धघोष मात्र किल्ल्याशी उकिडवा बसला होता. "हा पावलाचा ठसा नाही. टायरचा आहे!"

खुणा थेट नागेशरावांच्या स्कूटरपाशी गेल्या. विकीने डोळा मारला. "नागेशकाका, स्कूटरखाली पिल्लू अडकलंय वाटतं! जरा पुढं घ्या ना!"

त्यांनी स्कूटर ढकलली आणि मडगार्डमधून चिखलाने माखलेला तिरंगा खाली पडला.

"काल गाडी मागं घेताना... दिसलंच न्हाय," नागेशराव पुटपुटले.

पायलची कानशिलं तापली. "एसटी स्टँडवर चला! काकांचा भाऊ इंदापूरला असतो, ते तिकडंच निघाले असतील!"

सायकली हाणताना बुद्धघोष म्हणाला, "दसऱ्याला आम्ही विहारात का जातो, हे मला किती छान विचारलं होतंस. त्यांना का नाही विचारलंस?"

पायलने पेडल आणखी जोरात मारलं.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

रोज फाटक उघडणाऱ्या माणसाचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं!

"इंदापूरची गाडी निघायला आलीय!" विकी किंचाळला.

पायल धडपडत गाडीत चढली. काका खिडकीशी बसले होते.

"काका, झेंडा सापडला. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मी... माझं चुकलं."

"झेंड्याचं विचारलंस, ते ठीक," काका हळूच म्हणाले. "सणाचंही विचारायचं होतंस, बेटा. आज कुकुर तिहार. वर्षभर राखण करणाऱ्या कुत्र्यांची आम्ही पूजा करतो."

पायलला रडू आवरेना.

एवढ्यात नागेशराव स्कूटरवरून आले. मागे पायलची आजी, रंगुबाई; तिनेच त्यांना आणलं होतं. नागेशरावांनी खिडकीखाली उभं राहून हात जोडले. काका पिशवी घेऊन उतरले.

"चूक लपवली न्हाय तुमी," आजी पोरांना म्हणाली. "लई धाडसाचं काम केलं!"

कौतुक पायलला टोचलं. तिने काकांची पिशवी हातात घेतली.

"काका, तुमचं नाव काय?"

"लोकनाथ."

"लोकनाथकाका, उद्या काय असतं तुमच्याकडे?"

"गायीची पूजा. पण इथं गाय कुठली?"

"पणदऱ्याला माझ्या मामाच्या गोठ्यात!" विकी ओरडला.

लोकनाथकाका हसले. पायलला मात्र अजून त्यांच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.