आजारी नसलेल्यांची चौकशी

चैत्रातल्या त्या आठवड्यात शाल्मलीच्या गल्लीतल्या अकरा मुलांना एकाएकी जुलाब लागले. तिचा धाकटा भाऊ नचिकेत दवाखान्यात सलाईनवर होता. नळाचे पाणी तपासले, तर शुद्ध निघाले. मग रोग आला कुठून?

आरोग्यकेंद्राचा यंत्रमानव दारोदार प्रश्न विचारत फिरत होता. मुलांनी त्याचे नाव ‘चौकशा’ ठेवले होते. आज तो शाल्मलीसाठी आला. ती तर ठणठणीत होती!

आईने दार अर्धेच उघडले. “आजारी सोडून धडधाकट पोर कशाला हवी तुला? माहिती विकता की काय तुम्ही लोक?”

“नाही, ताई. नावही नोंदवत नाही. पडद्यावर नियम आहेत, वाचा. नको म्हणालात तर जातो.”

आईने नियम दोनदा वाचले. “विचार. पण मी इथून हलणार नाही.”

“अकराही मुलांनी भात खाल्ला होता,” चौकशा शाल्मलीला म्हणाला. “मग भातामुळे झालं?”

“छे! भात तर मीही खाल्ला.”

“म्हणूनच तुलनागट (आजारी न पडलेल्यांचा गट) लागतो. आजाऱ्यांनी घेतलं, पण निरोग्यांनी घेतलं नाही, असं काय आहे ते शोधायचं. तू बाहेरचं काही प्यायलीस?”

“आम्ही बाहेरचं पीत नाही,” आईच म्हणाली.

“सगळी घरं हेच सांगतात.”

“आई, खांडेकरकाकूंच्या हळदीकुंकवाचं पन्हं?”

“अगं, ते काय बाहेरचं? काकूंकडचं ते!” म्हणता म्हणता आई थबकली. “सगळी मुलं होती तिथे. हिला खोकला होता, म्हणून मी बर्फ घालू दिला नाही.”

“एका मुलीवरून काही ठरत नाही. सगळ्या घरी पन्ह्याचं आणि बर्फाचं पुन्हा विचारावं लागेल.”

“तुला कोण सांगणार? काकूंना बोल लागेल ना! मी येते तुझ्याबरोबर.” आईने चपला घातल्या. “उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. काकूंनी ज्या गाडीवाल्याकडून बर्फ घेतला, त्यालाच मीही सांगितलाय.”

संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले. बर्फाचे पन्हे प्यायलेल्या चौदांपैकी अकरा आजारी. बिनबर्फाचे प्यायलेल्या नऊंपैकी एकही नाही. गाडीवरच्या बर्फाच्या तपासणीत जंतू सापडले. तो मासळी टिकवण्याचा बर्फ होता, खाण्याचा नव्हेच. गाडी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी नचिकेत घरी आला. उकळून गार केलेल्या पाण्याचे पन्हे आईने हळदीकुंकवात सर्वांत आधी खांडेकरकाकूंच्या हातात दिले आणि ती चौकशाकडे वळली.

“पुढच्या गल्लीत जाण्याआधी प्रश्न मला दाखव. हळदीकुंकवातलं तुला काय कळतंय!”